गहाण घराचं बक्षीसपत्र आणि दोन भावांचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. नाशिकच्या इंदिरानगरमधलं रो-हाऊस आई-वडील दोघांच्या नावावर आहे, २००१ मध्ये वडिलांच्या पगारातून घेतलेलं. २०१९ मध्ये वरचा मजला चढवायला बँकेचं कर्ज काढलं. वडील तेव्हा निवृत्तीला आले होते, म्हणून बँकेने तुम्हाला सह-कर्जदार करून घेतलं. आज साधारण १३ लाख बाकी आहेत आणि हप्ता तुमच्या खात्यातून जातो. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला, बहीण लग्न होऊन संगमनेरला. आई-वडिलांना हयातीतच घर दोन्ही मुलांच्या नावावर अर्धं-अर्धं करून द्यायचं आहे. ओळखीचा एजंट म्हणाला, दोनशे रुपयांत बक्षीसपत्र होतं, बँकेला विचारायची गरज नाही, बहिणीचं तेवढं हक्कसोडपत्र घेऊन टाका. हे खरं का, आणि कर्जाचं काय होणार, असं तुम्ही विचारलंय.

एजंटाचं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, दुसरं धोक्याचं आहे आणि तिसऱ्याला काही अर्थ नाही. पण तुमच्या घरातला खरा प्रश्न या तिन्हींत येतच नाही. बक्षीसपत्रानंतर घर दोघा भावांचं होईल आणि कर्ज मात्र तुमचं व वडिलांचंच राहील. मी नाशिकमध्ये दस्तांचं आणि मिळकतीच्या वादांचं काम बरीच वर्षं करतोय. माझ्याकडे येणाऱ्या भावाभावांच्या भांडणांत ‘घर कुणाचं’ यापेक्षा ‘हप्ते कुणी भरले’ हा वाद जास्त वेळा असतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. गहाण असलेल्या मिळकतीचं बक्षीस देता येतं, त्याला मनाई नाही. घर गहाण ठेवलं म्हणून आई-वडिलांची मालकी जात नाही. ते जे देतील ते बोज्यासकट जाईल, एवढंच. म्हणजे घर तुमच्या नावावर आलं तरी बँकेचा त्यावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. आणि कर्ज फेडायची वैयक्तिक जबाबदारी करारावर ज्यांनी सही केली त्यांचीच राहते. तुमच्या बाबतीत ती वडिलांची आणि तुमची आहे. भावावर वैयक्तिक जबाबदारी नाही, पण त्याचं अर्धं घर त्या कर्जात अडकलेलं असेल.

‘बँकेला कळणारच नाही’ ही समजूत सोडून द्या. मूळ खरेदीखत बँकेत ठेवून कर्ज घेतलं की आपल्या राज्यात त्याची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दुय्यम निबंधकांकडे दाखल होते. कुणीही सर्च (तिथल्या नोंदींचा शोध) काढला की ती दिसते. उलट बाजूनेही तसंच आहे. उद्या तुम्ही टॉप-अप (वाढीव कर्ज) मागितलं, कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं ठरवलं किंवा कर्ज फिटल्यावर मूळ कागद घ्यायला गेलात, तर बँकेच्या नोंदीत मालक वेगळे आणि इंडेक्स टू वर (नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्यावर) वेगळे, हे पहिल्याच दिवशी उघडं पडेल. बहुतेक सगळ्या कर्जकरारांत ‘बँकेच्या लेखी संमतीशिवाय मिळकत विकणार नाही, बक्षीस देणार नाही, भाड्याने देणार नाही’ अशा अर्थाचं कलम असतं. ते मोडलं तर संपूर्ण कर्ज एकरकमी मागायचा अधिकार बँकेला मिळतो. हप्ते वेळेवर येत असतील तर बँका तेवढ्यावरून सहसा टोक गाठत नाहीत, हेही खरं आहे. तरी ती दोरी त्यांच्या हातात द्यायचं काही कारण नाही.

हप्ते थकलेले असतील तर मात्र माझं उत्तर ठामपणे ‘नाही, करू नका’ असं आहे. सरफेसी कायद्याखाली (थकलेलं कर्ज तारण मिळकतीतून वसूल करायचा कायदा) बँकेची ६० दिवसांची मागणी नोटीस एकदा आली की त्यानंतर बँकेच्या लेखी संमतीविना मिळकत हस्तांतरित करता येत नाही, कायदाच तसं बजावतो. आणि देणेकऱ्यांना चकवायला केलेलं बक्षीस न्यायालयात टिकत नाही. तुमचे हप्ते नियमित आहेत, त्यामुळे तो प्रसंग तुमच्यावर नाही.

आता दोघा भावांचा हिशेब. समजा बक्षीसपत्र अर्धं-अर्धं झालं आणि पुढची सात-आठ वर्षं हप्ता तुमच्याच खात्यातून जात राहिला. तुम्ही सह-कर्जदार आहात, त्यामुळे बँक तुमच्याकडे पूर्ण रक्कम मागू शकते, अर्धी नव्हे. भाऊ आज म्हणतो, ‘दादा, मी माझे देईन ना.’ त्याच्या मनात तेव्हा खोट नसतेच. पण उद्या त्याने पुण्यात स्वतःचा फ्लॅट घेतला, तिकडचा हप्ता सुरू झाला, की नाशिकचे पैसे मागे पडतात. नाशिकरोडच्या एका घरात अगदी असंच झालेलं मी पाहिलंय. थोरल्याने सगळं कर्ज फेडलं, आणि घर विकायची वेळ आली तेव्हा धाकट्याने इंडेक्स टू पुढे करून निम्मी किंमत मागितली. कायद्याने थोरल्याला धाकट्याच्या हिश्शाचे पैसे वसूल करायचा हक्क होता. पण तो मिळवायला सख्ख्या भावावर दावा लावावा लागतो. दावा लावायचा नाही, म्हणून तो गप्प बसला आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

म्हणून दस्ताला हात घालण्याआधी एका संध्याकाळी सगळे बसा आणि एका कागदावर लिहा: आजवर किती हप्ते कुणी भरले, बाकी १३ लाखांत कुणाचे किती, आणि भावाला आपला वाटा देणं जमणार नसेल तर घरातला त्याचा हिस्सा किती. वरचा मजला बांधताना तुम्ही वेगळे पैसे घातले असतील तर तेही लिहा. आई-वडिलांना दोन्ही मुलं सारखी, हे बरोबरच आहे. पण सारखं वाटप करायचं तर कर्जही सारखं वाटायला हवं. हा हिशेब दोघा भावांत वेगळा समजुतीचा करार म्हणून करा, बक्षीसपत्रात घालू नका. त्याचं कारण सांगतो.

बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेलं. ‘मुलांनी बँकेचं कर्ज फेडण्याच्या अटीवर घर दिलं’ असं दस्तात लिहिलंत की तो मोबदला ठरू शकतो. मग मुद्रांक विभाग म्हणू शकतो की हे बक्षीस नाही, खरेदीखत आहे, आणि त्याप्रमाणे शुल्क भरा. आयकरातही आई-वडिलांना भांडवली नफ्याचा प्रश्न उभा राहू शकतो. एका वाक्यापायी एवढं सगळं होतं. कर्ज लपवायचं नाही, त्याचा उल्लेख दस्तात असायलाच हवा. मिळकतीवर अमुक बँकेचा बोजा आहे आणि बँकेचं अमुक तारखेचं संमतीपत्र सोबत जोडलं आहे, इतकंच वस्तुस्थिती म्हणून लिहायचं.

तर मार्ग कोणते? माझ्या मते सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे आधी कर्ज फेडणं आणि मग बक्षीसपत्र करणं. १३ लाख ही रक्कम लहान नाही, मान्य आहे. पण तुम्ही आणि भाऊ मिळून थोडे तुमच्या बचतीतून आणि थोडे वडिलांच्या ठेवीतून जमवू शकत असाल तर तसंच करा. मुलाने वडिलांना दिलेल्या पैशावर वडिलांना आयकर नाही. बदलत्या व्याजदराचं घरकर्ज वैयक्तिक कर्जदाराने मुदतीआधी फेडलं तर बँक दंड आकारू शकत नाही. तुमचं कर्ज घरकर्ज म्हणूनच दिलंय की मिळकत तारण कर्ज म्हणून, आणि दर बदलता आहे की स्थिर, ते मंजुरीपत्रात पाहा. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आणि बँकेच्या बाजूने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद हातात आले की बोजा काढून घ्या. सातबाऱ्याच्या इतर हक्कात किंवा मालमत्ता पत्रकावर बँकेचं नाव तसंच राहिलेलं मी पुष्कळदा पाहतो. कर्ज फिटून गेलेलं असतं, पण नोंद कुणी कमी केलेली नसते.

फेडण्याआधी एक गोष्ट तपासा. कर्ज घेताना वडिलांच्या नावाने कर्जविमा काढला होता का? हप्त्यात किंवा सुरुवातीच्या रकमेत विम्याचा एकरकमी प्रीमियम घातलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. असा विमा चालू असेल तर वडिलांचं काही बरंवाईट झाल्यावर उरलेलं कर्ज पूर्ण किंवा काही अंशी विम्यातून फिटू शकतं. सत्तरीच्या आसपासच्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब लहान नाही. कर्जाची फेररचना केली किंवा ते दुसऱ्या बँकेत नेलं तर तो विमा जाऊ शकतो, तेव्हा पॉलिसीचा कागद शोधून वाचा.

दुसरा मार्ग बँकेच्या संमतीने जायचा: भावालाही सह-कर्जदार करून घ्यायचं, बँकेची लेखी ना-हरकत घ्यायची आणि मग बक्षीसपत्र. बँक हे मान्य करेल का, हे तिच्या धोरणावर, भावाच्या पगारावर आणि शाखेतल्या माणसाच्या उत्साहावरही अवलंबून आहे. काही बँका सरळ सांगतात की आधी कर्ज बंद करा. तसं झालं तर वाद घालू नका.

तिसरा मार्ग लोकांना फार साधा वाटतो, म्हणून ते त्याच्याकडे बघत नाहीत. तो म्हणजे मृत्युपत्र. आई आणि वडील दोघांनीही वेगवेगळं करायचं, कारण घर दोघांच्या नावावर आहे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे (तरी करून घ्यावी), बँकेची परवानगी लागत नाही आणि मन बदललं तर नवं करता येतं. घर हयातभर त्यांच्याच नावावर राहतं. वारसांना घर बोज्यासकट मिळतं. ज्यांनी कर्जावर सही केलेली नाही त्यांची जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते. तुमच्या परिस्थितीत मी आजच्या आज मृत्युपत्रं करायला सांगेन आणि बक्षीसपत्राचा विचार कर्ज संपल्यावर करायला सांगेन. घाई कशाची आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आजारपण किंवा बाहेरच्या कुणाचा दावा असं काही खास कारण असेल तर सल्ला बदलू शकतो.

आई-वडिलांच्या बाजूने दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण बक्षीसपत्राच्या चर्चेत त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. बक्षीस एकदा स्वीकारलं आणि नोंदलं गेलं की ते सहज परत घेता येत नाही. म्हणून दस्तात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. पहिली, आई आणि वडील या दोघांचाही त्या घरात हयातभर राहण्याचा आणि घर वापरण्याचा हक्क राखून ठेवलेला. ‘दोघांपैकी जो मागे राहील त्याचाही’ हे शब्द विसरू नका, वडिलांमागे आईच तिथे राहणार असते. असा हक्क राखून केलेलं बक्षीस वैध असतं, ताबा लगेच द्यावाच लागतो असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. (मुस्लिम कुटुंबातल्या हिब्याचे, म्हणजे बक्षिसाचे नियम वेगळे आहेत, तिथे ताब्याला महत्त्व आहे.) ‘मुलांनी कधीच विकायचं नाही’ अशी सरसकट बंदी मात्र कायद्यात टिकत नाही, म्हणून भर राहण्याच्या हक्कावर द्या.

दुसरी गोष्ट सांभाळाची अट. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, मुलांनी मूलभूत सोयी आणि गरजा पुरवाव्यात या अटीवर मिळकत दिली आणि त्यांनी ती पाळली नाही, तर आई-वडिलांना ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट होती हे दाखवता आलं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं म्हणून एका आईने मुलाला दिलेलं बक्षीस रद्द केलं. दोन्ही निकालांवरून मी अशिलांना एकच सांगतो: अट दस्तातच लिहा. तुम्ही चांगली मुलं आहात म्हणून तुम्हाला ती लिहायला अवघड वाटेल. तरी तुम्हीच आग्रह धरून लिहा, आईला ते मागायला लावू नका.

बहिणीचं हक्कसोडपत्र. घर वडिलांच्या पगारातून घेतलेलं, म्हणजे स्वकष्टार्जित. आई-वडील हयात असताना त्या घरात ना तुमचा हक्क आहे, ना भावाचा, ना बहिणीचा. पुढे वारसाने मिळेल ही नुसती आशा आहे, आणि आशेचं हक्कसोडपत्र होत नाही. तेव्हा त्या कागदावर पैसे घालवू नका. घर वडिलोपार्जित असतं तर गोष्ट पूर्ण वेगळी होती. तिथे मुलीचा जन्मतः मुलाइतकाच हक्क असतो आणि वडील एकट्याच्या मर्जीने सगळं घर बक्षीस देऊ शकत नाहीत. २००१ मध्ये घर घेताना गावाकडची जमीन विकून पैसे घातले असतील तर ते मला कळवा, उत्तर बदलू शकेल. कायद्याने बहिणीची संमती लागत नसली तरी तिला दस्त व्हायच्या आधी आई-वडिलांनी स्वतः सांगावं. इंडेक्स टू वरून तिला कळू देऊ नका.

आता ते दोनशे रुपये. महाराष्ट्रात नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना निवासी किंवा शेतीची मिळकत बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, हे खरं आहे. पण महापालिका हद्दीत बाजारमूल्यावर एक टक्का अधिभार लागतो. रेडी रेकनरने (सरकारी दरपत्रकाने) घराची किंमत ६० लाख निघाली तर तेच ६० हजार झाले. शिवाय ही सवलत निवासी भागालाच आहे. तळमजल्यावर दुकानाचा गाळा काढला असेल तर त्या भागाचा हिशेब वेगळा. सून सवलतीच्या यादीत मुलाच्या पश्चातच येते, त्यामुळे मुलगा हयात असताना ‘बायकोचंही नाव घालू’ असं ऐनवेळी सुचलं तर आधी शुल्क विचारा. घर सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडावर असेल तर सिडकोची परवानगीही पाहावी लागते. तुमचं इंदिरानगरचं आहे, तरी खरेदीखतात जागेचा प्रकार एकदा वाचून घ्या.

आयकराचं थोडक्यात. आई-वडिलांकडून मिळालेल्या घरावर मुलांना कर नाही, आणि खऱ्याखुऱ्या बक्षिसावर आई-वडिलांना भांडवली नफ्याचा करही नाही. पुढे तुम्ही घर विकलंत तर मूळ किंमत वडिलांनी दिलेली धरतात, म्हणून २००१ ची खरेदीची आणि २०१९ च्या बांधकामाची बिलं जपून ठेवा. हप्ते तुम्ही भरत असलात तरी आज मालक नसल्यामुळे व्याजाची वजावट तुम्हाला मिळत नाही. ती घेत असाल तर तुमच्या सीएंशी लगेच बोला.

नोंदणीच्या दिवशी आई-वडील दोघंही दाते म्हणून लागतात, तुम्ही दोघं भाऊ स्वीकारणारे म्हणून आणि दोन साक्षीदार. वयस्कर माणसांची बोटं झिजलेली असतात, यंत्रावर ठसा चटकन उमटत नाही, मग अंगठा पुसायचा, पुन्हा ठेवायचा, आणि त्या गर्दीत आई घाबरून जाते. दुय्यम निबंधक विचारतात, ‘स्वखुशीने देताय ना? दस्त वाचला का?’ तेव्हा उत्तर मुलाने द्यायचं नसतं. आदल्या दिवशी दस्त मराठीत, सावकाश, आईला वाचून दाखवा, शक्यतो तुम्ही दोघं भाऊ खोलीत नसताना. डॉक्टरांचा ‘सही करण्यास सक्षम’ असा त्याच दिवसाचा दाखला घ्या. फिरणं जमत नसेल तर घरी येऊन नोंदणी करण्याची सोय आहे, तसा अर्ज करावा लागतो. नंतर घरपट्टी आणि मालमत्ता पत्रक नावावर करायला फार दिवस लावू नका.

या आठवड्यात एवढंच करा. कर्जाचं मंजुरीपत्र, करार आणि ताजं खातेपत्रक बँकेतून मागवा. मग वडिलांच्या सहीने शाखेला पत्र द्या: आम्ही हे घर दोन्ही मुलांना बक्षीस देऊ इच्छितो, हयातभर राहण्याचा हक्क आमच्याकडे राहील, कर्जखातं नियमित आहे, धाकट्या मुलाला सह-कर्जदार करायची तयारी आहे, आपली ना-हरकत किंवा आपल्या अटी लेखी कळवाव्यात. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. काउंटरवरून कुणी ‘चालेल हो काका, करून टाका’ म्हणालं तर त्यावर जाऊ नका. लेखी उत्तर आणि करारातलं हस्तांतरणाचं कलम मला पाठवा. एजंटाला तोपर्यंत इसार देऊ नका.